अम्मींच्या अळूला देवाचं पाणी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
अबू हलीफा, कुवेत
१६ डिसेंबर २०२४

सौ. बानूभाभी यांस सुनेत्राचा नमस्कार.

मुनव्वरच्या हाती पाठवलेलं सामान काल पोचलं. कुळथाचं पीठ एक किलो, आमसुलं अर्धा किलो, फणसपोळ्या चार आणि आमच्या ह्यांच्यासाठी वेगळं बांधलेलं सुकट. पिठाच्या पिशवीला बारीक भोक पडलं होतं, मूठभर सांडलं, बाकी सगळं ठीक. मुनव्वरने कार्गोचे पावणेदोन दिनार घेतले. मी म्हटलं, "अरे, गावचं सामान आहे, काही कमी कर." तर म्हणतो, "चाची, सामान गावचं, विमान गावचं नाही." दिले बापडीने, आणि वहीत लिहिले.

आता तुमच्या अळूचं. पानं पिवळी पडून लोळली तशी तुम्ही सांगितल्याप्रमाणे देठ बुडाशी दोन बोटं ठेवून कापले, आणि तिन्ही कुंड्या वर माझ्याकडे आणल्या. बदरुद्दीनभाईंनीच उचलून दिल्या. जिन्यात म्हणतात, "बायको गेली माहेरी, आणि अळूची मय्यत माझ्या खांद्यावर!" मी म्हटलं, "मय्यत कसली, झोपलंय ते. उन्हाळा आला की उठेल." बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवल्यात, खिडकीच्या गार वाऱ्यापासून लांब. इथे रात्रीचा गारठा फार वाढलाय. सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही.

उन्हाळाभर पूजेचं पाणी घेऊन तळमजल्यावर तुमच्या अळूकडे यायची, तो फेरा आता वाचला. मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. परवा दत्तजयंती झाली. अळू देवघराच्या शेजारीच आहे, तेव्हा काळजी करू नका.

अम्मींची तब्येत कशी आहे? औषधांना किती लागतं ते कळवा. संकोच करू नका.

आपली,
सुनेत्रा

•

बिस्मिल्लाह
दाभोळ
२ जानेवारी २०२५

सुनेत्राताई, सलाम.

पत्र मिळालं. अम्मी तशीच आहे. डोळ्यांनी आता उजेडसुद्धा कळत नाही. फोन कानाला लावला तर म्हणते, "माशी गुणगुणतेय, काढ." कानाशी बसून मोठ्याने वाचलं तरच ऐकते. म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं. मय्यतीच्या ठिकाणी हसली, आणि मग विचारलं, "माझं अळू खरंच झोपलंय ना?"

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. नबीलने विहिरीमागची जागा सिमेंट घालून सपाट केली. गाडी उभी करायला. अम्मी दवाखान्यात होती तेव्हा. तिथलं अळू मुळासकट गेलं. अम्मी घरी आली, काठी टेकत मागे गेली, आणि काठी टक्क वाजली. बस, तेव्हापासून खाटेवरच. भावाला काय बोलू? तो म्हणतो, "अळू बाजारात दहा रुपयाला जुडी मिळतं." पण ते काळ्या देठाचं, घशाला न खाजणारं, सुपाएवढ्या पानाचं अळू अम्मीने तिच्या सासूकडून घेतलेलं. आता ते फक्त तुमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात आहे. अम्मी रोज म्हणते, "उन्हाळ्यात एक गड्डा आणून दे. हाताने लावते, मग मला न्यायचं तर नेऊ दे अल्लाला."

म्हणून परत सांगते, रागावू नका. थंडीत एक थेंबसुद्धा पाणी नको. माती हाताला भुसभुशीत, कोरडी लागली पाहिजे. उन्हाळ्यात मीच म्हणायचे ना, तुमच्या देवाचं पाणी पिऊन माझ्या अम्मीचं अळू माजलंय? ते उन्हाळ्यात. आता नको.

तुमची,
शहरबानू

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
अबू हलीफा
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

बानूभाभी,

आज तिळगूळ पाठवायचा दिवस, आणि मी हे लिहायला बसलेय.

तुमचं पत्र काल आलं. "एक थेंबसुद्धा" वाचलं. तशीच उठले, कुंडीत बोटं घातली. माती कोरडी नव्हती. गड्डा हाताला लागला तो लोण्यासारखा. बोट आत गेलं. वास आला, आंबलेल्या दुधाचा. दुसरी कुंडी तशीच. तिसरीत गड्डाच सापडला नाही, नुसता चिकचिकाट.

मी पाणी घालत होते, भाभी. नळाचं नाही. देवाचं.

तुम्हाला ठाऊक आहे, पूजेचं पाणी मोरीत ओतायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. गावी परसात कुठेही ओतलं की झालं. इथे पाचव्या मजल्यावर माती ती कुंडीतलीच. तुळशीला घालून घालून तिची पानं थंडीत काळी पडायला लागली, मग उरलेलं तुमच्या कुंड्यांत घालायला लागले. मनात म्हटलं, हे पाणी थोडंच आहे, हे तीर्थ आहे. गुरुवारचं कलशातलं पाणी, आणि दत्तजयंतीला अभिषेकाचं पंचामृत, दूध, दही, तूप, मध, साखर. पंचामृत टाकून देणं माझ्या जिवावर येतं. तुमचं जातानाचं सांगणं माझ्या लक्षात होतं. तरीही घातलं. तुमच्यापासून लपवलं नाही असं म्हणेन, तर तेही खोटं. मागच्या पत्रात "देवघराच्या शेजारीच आहे" एवढंच लिहून मी पुढे सरकले.

हे म्हणाले, "बंगाल्याच्या दुकानातून अळकुड्या आण, लाव, कुणाला कळणार?" नर्सरीत शोभेचं मिळतं, हत्तीच्या कानाएवढी पानं, चार दिनारला कुंडी. ते खाल्लं तर घसा सुजतो. अम्मींच्या पोटात तसलं जायला नको. अक्षरा खोलीतून म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ प्लांट." मी तिच्यावर ओरडले, आणि मग तिला तिळगूळ दिला.

देवापुढे बसले तर हात जोडवत नाहीत. त्याचंच पाणी आणि माझाच हात, कुणाला बोल लावू?

अपराधी,
सुनेत्रा

•

दाभोळ
२८ जानेवारी

सुनेत्राताई,

पत्र वाचून मी विहिरीवर जाऊन बसले. सिमेंटवर.

तुम्हाला चांगलंवाईट बोलायची माझी तयारी नाही. तोंड उघडलं तर काय निघेल माहीत नाही. म्हणून कामाचं लिहिते.

अम्मी दोन घास कमी खातेय. रोज सकाळी एकच प्रश्न, "कुवेतचं पत्र आलं? कोंब आला?" मी काल म्हटलं, टपाल उशिरा येतंय. आणखी किती दिवस म्हणू? तुम्ही तिला पत्र लिहा. कोंब आला म्हणून. मी तोंडी सांगितलं तर तिला माझा आवाज कळतो, ती मला पकडते. कागद असला की ती हातात धरते, उशाखाली ठेवते, आणि तिला वाटतं तो माणूस समोर बसलाय.

तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. मीही बोलत नाही. पण ही वेळ कुणी आणली?

शहरबानू

•

॥ श्री ॥
अबू हलीफा
९ फेब्रुवारी

आदरणीय शरीफाअम्मी यांस सुनेत्राचा साष्टांग नमस्कार.

अम्मी, तुमच्या अळूला कोंब आला. मधल्या कुंडीत, कडेला. आधी वाटलं, खडा वर आलाय. दुपारी पाहिलं तर टोक गुलाबी. आज पानाची सुरळी सुटतेय, अजून उलगडली नाही, विडी वळावी तशी घट्ट आहे. देठ काळा आहे, तुमच्या परसातल्या अळूसारखाच. बानूभाभी सांगायच्या, पानाच्या मध्यावर जिथे देठ टेकतो तिथे कुंकवाएवढा जांभळा ठिपका असतो. तो दिसेल तेव्हा लिहीन.

दिवसा खिडकीशी ठेवते, वारा सुटला की आत घेते. तुम्ही जेवत जा. अळूला माणूस लागतं असं म्हणतात, तर तुम्ही धड राहिलं पाहिजे.

तुमची लेकीसारखी,
सुनेत्रा

(बानूभाभी, ही चिठ्ठी वेगळी घडी करून ठेवलीय, वाचून फाडा. वरचं पत्र लिहिताना माझा हात थांबला नाही. थांबेल असं वाटलं होतं. एकदा सुरुवात केल्यावर पान दिसायलाच लागलं मला. त्याचीच भीती वाटतेय. संध्याकाळी दिवा लावला नाही, अक्षराला लावायला सांगितलं. — सु.)

•

दाभोळ
२१ फेब्रुवारी

सुनेत्राताई,

अम्मी सांगतेय, मी लिहितेय.

"सुनेत्रा, खूप जगशील. तुझं पत्र बानूने तीनदा वाचलं. काल मी पेज वाटीभर प्यायले, वर लोणचं मागितलं. पानाची घाई करू नकोस. पहिलं पान कापायचं नाही, त्याच्यावर दुसरं पोसतं. दुसरं आलं की ते कुंडीत टिकणार असं समज. तिसऱ्याला मग पहिलं उतरव. माझ्या सासूची रीत होती, वर्षाचं पहिलं पान घरात खायचं नाही, आधी शेजारी द्यायचं. तेव्हा ते पहिलं पान तू घे. तुझ्या गौरीला ठेव, नाहीतर तुझ्या रोजच्या देवाला. त्याचंच पाणी प्यालंय ना उन्हाळाभर? ठिपका दिसला की लगेच लिही. मी बोटांवर दोन पानं मोजून ठेवलीत, एक आलेलं, एक येणारं."

एवढं तिचं. माझं असं की ती आज खाटेवर उठून बसली. तुमचे उपकार कसे मानू? आणि कशाचे मानू? दुसऱ्या पानाचं पत्र पाठवा. रमजान जवळ आलाय.

शहरबानू

•

॥ श्री ॥
अबू हलीफा
५ मार्च

बानूभाभी,

दुसऱ्या पानाचं पत्र लिहून झालं होतं. चांगलं लिहिलं होतं. ठिपका, दव, सगळं. पाकिटात घालणार इतक्यात अम्मींचं ते वाक्य परत वाचलं, पहिलं पान तुझ्या देवाला ठेव.

कुठलं पान ठेवू?

त्यांनी मला शेजारधर्माचं दान दिलं, त्यांच्या सासूच्या रीतीने. ते मी घेतलं तर नसलेल्या पानाचा नैवेद्य दाखवणार. नाही घेतलं तर रीत मोडणार. महाशिवरात्रीला अभिषेक केला आणि पाणी तांब्यात घेऊन घरभर फिरले. शेवटी तुमच्या रिकाम्या कुंडीतच ओतलं. तिथे आता बिघडण्यासारखं काही नाही.

तुमच्या घरात रोजे चालू असताना माझं खोटं उशाखाली आहे. मला जेवण जात नाही. हे म्हणतात, "म्हातारी खूश आहे, तू कशाला उकरतेस?" त्यांचं हिशेबाने बरोबर आहे. पण मी तो हिशेब मांडू शकत नाही. अम्मी पेज प्यायल्या ते माझ्या पानासाठी. मी थांबले की त्या परत जेवण टाकतील, आणि मी लिहीत राहिले तर त्यांना शेवटपर्यंत फसवत राहीन. उन्हाळ्यात गड्डा मागतील तेव्हा काय बंगाल्याच्या दुकानातला देणार?

म्हणून सोबत अम्मींच्या नावाचं दुसरं पत्र आहे. त्यात खरं आहे. पंचामृतसुद्धा. तुम्ही सांगितलंत म्हणून मी खोटं लिहिलं असा एक शब्द त्यात नाही. ते माझ्या मनाने लिहिलं असंच घातलंय. वाचायचं की नाही ते तुमच्यावर टाकते असं लिहिणार होते, पण तेही पळ काढणंच झालं. वाचा, भाभी. मी हात जोडते.

सुनेत्रा

•

दाभोळ
२० मार्च

सुनेत्राकाकी, मी तहरीम, नबीलची मुलगी. दादी सांगतेय तसं लिहितेय. म्हणते, एक शब्द बदललास तर बघ.

"सुनेत्रा, बानूने तुझं खरं पत्र तीन दिवस कपाटात ठेवलं. काल इफ्तारनंतर वाचायला बसली, आणि अर्ध्यावर तिचा आवाज गेला. पुढचं ह्या पोरीने वाचलं. तू बानूला झाकलंस, पण माझी मुलगी मला ठाऊक आहे. पहिलं पत्र कुणी लिहवून घेतलं ते मला तिच्या रडण्यावरून कळलं.

"मला राग आलाय. अळू मेलं म्हणून नाही. अळू मरतं. देवाचं पाणी तू कुठे ओतणार, पाचव्या मजल्यावर? मीही तेच केलं असतं. राग दोन पानं मोजायला लावलीस त्याचा आहे. डोळे गेल्यापासून मी लोकांच्या शब्दाला धरून चालते, भिंतीला धरावं तशी. तू भिंत नाही तिथे भिंत म्हणालीस. आणि मी टेकले.

"पेज मी अजून पिते. ती तुझ्या पानासाठी नव्हती, भूक लागली म्हणून होती. एवढं स्वतःला मोठं समजू नकोस.

"आता कामाचं विचारते. कुंडीतली माती टाकलीस का? मोठा गड्डा सडतो, पण त्याची पिल्लं कडेला कोरडी राहतात. सुपारीएवढी. टाकली असशील तर विषय संपला, परत पत्र लिहू नकोस. टाकली नसशील तर चाळ."

काकी, दादीने हे सांगून तोंड फिरवलं. बानूफूफी स्वयंपाकघरात आहे. आणि अब्बांना दादीने आज सिमेंटचा कोपरा फोडायला सांगितलाय. त्यांनी "हो" म्हटलंय, पण अजून पहार आणली नाही.

तहरीम

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
अबू हलीफा
२२ एप्रिल २०२५

बानूभाभी, आणि शेजारी बसलेल्या शरीफाअम्मी,

हे पत्र मोठ्याने वाचा.

माती टाकली नव्हती. दीड दिनारची पिशवी येते मातीची, मी कशी टाकीन? सडकं वेचून काढलं, आणि माती उन्हात वाळवून तांदळाच्या गोणीत भरून बाल्कनीत ठेवली होती, पुढे मेथी लावायला. आमचा पाडवा आणि इथली ईद यंदा एकाच दिवशी आली. त्या दिवशी गोणी जुन्या चादरीवर ओतली आणि पुरणाच्या चाळणीने चाळायला बसले. हे सणाचे कपडे घालून उभे. म्हणाले, "आज गुढी उभारायची की खड्डा खणायचा?" अक्षरा आली, माझ्यासमोर बसली आणि ढेकळं फोडू लागली.

चार सापडली. तीन पोकळ, दाबली की फुटली. चौथं घट्ट होतं.

अम्मींनी सांगितलं नव्हतं, पण गावी चुलीची राख चोळतात तशी त्याला उदबत्तीची राख चोळली, दोन दिवस सुकवलं आणि मग लावलं. पाणी नळाचं घातलं, तेही चमच्याने. देवाचं पाणी आता रिकाम्या कुंडीत ओतते.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. जे लिहायचंय ते मी एकदा लिहून बसलेय, शब्दसुद्धा तेच आहेत. कडेला खडा वर आल्यासारखं दिसलं. टोक गुलाबी. फेब्रुवारीत मी हे रचलं होतं, आणि एप्रिलमध्ये ते माझ्यासमोर घडलं. मी कुंडीपुढे बसून रडले, कारण हे अम्मींना सांगायला माझ्याजवळ दुसरे शब्द उरलेले नाहीत, आणि असलेले मी खर्च करून टाकलेत.

फोटो काढून उपयोग नाही. म्हणून ते पिल्लूच पाठवतेय. आज सकाळी उकरलं. ओल्या फडक्यात, वर कोरडं फडकं, त्यावर पत्र्याच्या डबीला भोकं पाडून. मुनव्वर स्वतः गावी निघालाय, हँडबॅगेत ठेवीन म्हणाला, आणि ह्या वेळी पैसे घेतले नाहीत. हे म्हणाले, "वाटेत मेलं तर दोन्हीकडून जाईल. इथे ठेव, वाढू दे, पुढच्या वर्षी दे." त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पुढच्या वर्षापर्यंत अम्मींनी पुन्हा माझ्या शब्दाला टेकून बसायचं, हे मला मागवत नाही. तिथे आता गरम आहे, पुढे पाऊस आहे, अळूला तेच हवं. माझ्याकडे काही ठेवलं नाही. यंदाच्या गौरीला अळूचं पान नसेल. तिला कारण सांगेन.

भाभी, डबी उघडली की आधी तुम्ही पाहू नका. तशीच अम्मींच्या हातात द्या. टोक कुठल्या बाजूला आहे तेही सांगू नका. त्यांचं त्यांना शोधू द्या.

नबीलभाईंनी कोपरा फोडला का, ते कळवा. आणि कोंब अम्मींच्या बोटाला लागला का, आणि लागल्यावर त्या काय म्हणाल्या, ते रागाचं असलं तरी जसंच्या तसं, एक शब्द न बदलता, उलट टपाली कळवा.

आपली,
सुनेत्रा